स्क्रीन उघडी, म्हणजे रुग्ण उघडा

काही दिवसांपूर्वी एका नातेवाइकाला घेऊन एका खासगी रुग्णालयात गेलो होतो. कुठलं ते सांगत नाही. पेणपासून रोह्यापर्यंत निम्म्या ठिकाणी हेच दिसेल. काउंटरवरची मुलगी झेरॉक्स काढायला आत गेली. मॉनिटर आमच्याकडे तिरका. त्यावर एका तरुणाचं नाव, वय, गाव आणि खाली रक्ताचा अहवाल. अहवाल कशाचा होता, तेही लिहीत नाही. शेजारी उभ्या दोघांच्या गळ्यात धाटाव एमआयडीसीतल्या कंपनीची ओळखपत्रं होती. आपल्याकडे आडनाव आणि गाव कळलं की घर सापडतं. जमत आलेलं लग्न मोडायला किंवा कंत्राटी नोकरी जायला एवढं पुरतं.

दोष त्या मुलीचा नाही. तो संगणक आपोआप लॉक व्हायला हवा होता. व्यवस्थापकांना विचारलं, तर म्हणाले, "डॉक्टर, लॉक लावला की स्टाफ कुरकुरतो."

कुरकुरतो म्हणून आपण हात धुणं बंद करतो का?

एक गैरसमज आधी काढतो. स्क्रीन काळी होणं म्हणजे लॉक होणं नव्हे. परत येताना पासवर्ड मागायची सेटिंग नसेल, तर माउस हलवला की सगळं पुन्हा समोर. शिवाय सेटिंग एकेका संगणकावर हाताने केली, तर कंटाळलेला माणूस ती दुसऱ्या दिवशी बंद करतो. म्हणून दहा-वीस संगणकांच्या रुग्णालयात ते डोमेनला जोडून ग्रुप पॉलिसीने एकाच जागेवरून वेळ ठरवतात. मग साध्या लॉगिनने ती बदलता येत नाही. विंडोजची स्वस्तातली 'होम' आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही, आणि आपल्याकडे खरेदी तिचीच होते. एक्स-रे मशीनवर लाखो रुपये घालायचे आणि इथे काटकसर!

कुरकुरीत थोडं तथ्य आहे, हे मान्य. सरसकट एक मिनिट लावलं, तर रात्रपाळीची सिस्टर पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवणार आणि सगळे एकाच लॉगिनने काम करणार. मग कुणी कुणाची फाइल उघडली, हे कधीच कळणार नाही. म्हणून वेळ जागेप्रमाणे हवी. माझ्या मते काउंटरवर दोन मिनिटं, डॉक्टरांच्या खोलीत पाच. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, जमल्यास बोटाच्या ठशाचं. आयसीयूत ठोके दाखवणाऱ्या मॉनिटरला लॉक नको, तो फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेआड हवा. आणि उठताना विंडोजचं बटण व एल एकत्र दाबायला एक सेकंद लागतो.

नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हापासून सगळ्यांना हॅकरची धास्ती. स्क्रीन लॉकने तो हल्ला थांबला नसता, हे खरं. पण आपल्या गावात बातमी फुटायला हॅकर लागत नाही, काउंटर पुरतो.

कायद्याचंही ऐका. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्यानुसार अशा नोंदी ठेवणाऱ्या संस्थांनी त्या सुरक्षित ठेवणं बंधनकारक आहे. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव उघड केल्यास 2021 च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात सुरक्षेत कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तुम्हीही गप्प बसू नका. काउंटरवर दुसऱ्याचा अहवाल दिसला, तर वाचू नका आणि "ताई, स्क्रीन लॉक करा" असं मोठ्याने सांगा. माझ्या दवाखान्यात चार संगणक आहेत. ते हातानेच सेट केलेत आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी स्वतः तपासतो. त्यातला एखादा उघडा दिसला, तर नंबरची वाट न बघता सरळ केबिनमध्ये या.