मेहूण, कोयता आणि बेट

लग्नाला पंधरा-वीस वर्षे झालेले एखादे जोडपे लग्नाच्या वाढदिवसाला मुलांना घरी ठेवून आठ दिवस अंदमानला जाणार आहे, असे कळले की आपल्याकडे पहिला प्रश्न विमानभाड्याचा नसतो, किंवा तिथला समुद्र कोणत्या महिन्यात शांत असतो हाही नसतो. पहिला प्रश्न असतो, "आणि मुलं?" प्रश्न साधा आहे, त्यात काळजीही आहे. पण तो बहुधा बायकोला विचारला जातो. नवऱ्याला विचारतात, "किती दिवसांची रजा मिळाली?" या प्रश्नामागे सहजीवनाविषयीची जी कल्पना उभी आहे, तिचा आपल्या भाषेशी आणि साहित्याशी काय संबंध आहे, हे तपासून पाहावे, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

आधी भाषेकडे पाहू. जुन्या मराठीत 'कुटुंब' या शब्दाचा एक अर्थ बायको असा होता. 'आमचे कुटुंब माहेरी गेले आहे' असे एखादा गृहस्थ म्हणाला, तर घर रिकामे झाले असे कोणी समजत नसे. सणावाराला, विशेषतः अधिक महिन्यात, जोडप्याला जेवायला बोलावतात, त्याला 'मेहूण' म्हणतात. पूजेला 'जोडीने' बसतात. बायको नवऱ्याचे नाव घेते ते उखाण्यात, चारचौघांनी आग्रह केल्यावर. म्हणजे जोडप्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. मात्र या साऱ्या शब्दांत जोडपे कशासाठी तरी एकत्र आलेले असते: देवासाठी, वंशासाठी किंवा यजमानाच्या पुण्यासाठी. मेहूण म्हणून पाटावर बसलेल्या दोघांना मान मिळतो तो लक्ष्मीनारायण म्हणून. ती दोघे एकमेकांशी काय बोलतात, याच्याशी यजमानाला कर्तव्य नसते. याउलट, दोघांनी केवळ एकमेकांसाठी कुठे जाण्याला जो शब्द आपण वापरतो तो 'मधुचंद्र', म्हणजे इंग्रजी शब्दाचे सरळ भाषांतर. शिवाय त्याची मुदत लग्नानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत संपते. त्यापुढे थेट काशीयात्रा. मधल्या तीस वर्षांसाठी शब्द नाही.

मूल झाल्यावर तर हाकही बदलते. 'अहो' आणि 'अगं' यांच्या जागी 'बंडूची आई' आणि 'बंडूचे बाबा' येतात. आजच्या घरांतून नावाने हाक मारण्याची रीत रुळली आहे, तरी मुलांसमोर 'आईला विचार', 'बाबांना सांग' असे बोलता बोलता नवराबायकोही एकमेकांना त्याच नावांनी ओळखू लागतात. मुलांवाचून प्रवासाला निघालेल्या जोडप्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती ही. बोटीच्या धक्क्यावर ज्याला 'बाबा' म्हणून हाक मारायची, त्याला बाबा करणारे कोणी बरोबर नाही. मग काय म्हणायचे? कथाकाराला पुरेल इतके नाट्य या एका क्षणात आहे. आपल्या कथेने ते फारसे टिपलेले नाही.

नवराबायकोच्या नात्याचे लेखन मराठीत झाले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (1910), लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (1934 पासून) आणि सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' (1990) ही तीन पुस्तके घेतली, तरी या नात्याचा केवढा मोठा पट उलगडतो. तिन्ही पुस्तके स्त्रियांनी लिहिलेली आहेत, आणि पहिली दोन पतीच्या मृत्यूनंतरची आहेत. न्यायमूर्ती रानडे 1901 साली गेले, रेव्हरंड टिळक 1919 साली. जोडप्याविषयी बोलायला जोडप्यातले एक माणूस नाहीसे व्हावे लागते, असा जणू आपल्याकडे अलिखित नियम आहे. सुनीताबाईंनी तो मोडला. पती हयात असताना, त्याच्या कीर्तीच्या भर दुपारी, त्यांनी सहजीवनाचा हिशेब मांडला. त्या पुस्तकावर उठलेल्या वादळाचे एक कारण मला इथे दिसते. काय लिहिले यापेक्षा केव्हा लिहिले, हे अनेकांना खटकले.

प्रवासवर्णनाची स्थिती याहून वेगळी आहे. 'अपूर्वाई' (1960) हा एका जोडप्याचा प्रवास आहे, आणि त्या पुस्तकाचा गोडवा पुष्कळसा त्या जोडीवर अवलंबून आहे. पण तिथे पत्नी येते ती विनोदाला उत्तर देणारी जोडीदार म्हणून. लेखकाची नजर बाहेर लागलेली असते, शहरांवर, माणसांवर, रंगभूमीवर. प्रवासात दोन माणसांमध्ये जे घडते, म्हणजे कंटाळा, अबोला, अनोळखी खोलीत अचानक परत आलेली जवळीक, ते या प्रकारात बसत नाही, असे आपण गृहीत धरले आहे. प्रवासवर्णन हे स्थळाचे वर्णन असते, अशी व्याख्या आपण वर्गात शिकवतो. ती व्याख्या सैल करण्याची वेळ आली आहे.

आता अंदमानविषयी. प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत हे बेट रिकामे असते: पांढरी वाळू, निळे पाणी, आणि 'फक्त तुम्ही दोघं'. प्रत्यक्षात ते कधीच रिकामे नव्हते. जोडपी जिथे राधानगरचा किनारा पाहायला जातात, त्या बेटाचे नाव 2018 पर्यंत हॅवलॉक होते. 1857 चा उठाव मोडणाऱ्या सेनापतीचे ते नाव. आज ते स्वराज द्वीप आहे. पोर्ट ब्लेअरचे नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झाले. स्वराज द्वीपावर नारळपाणी देणारा किंवा मासळीचे ताट वाढणारा माणूस बहुधा बंगाली बोलतो, कारण फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी देऊन वसवले गेले. त्याच्या घराण्याने समुद्र ओलांडला तो सुटीसाठी नव्हे. आणि या सर्वांच्या आधीपासून इथे राहणाऱ्या जारवांच्या स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत 2012 मध्ये बाहेर आली, तेव्हा 'फक्त तुम्ही दोघं' या शब्दांची किंमत कोण मोजते, हे सर्वांना दिसले.

मराठी माणसाला तर या बेटाची वेगळीच आठवण आहे. 1911 साली सावरकर सेल्युलर जेलमध्ये दाखल झाले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव तिथे आधीच होते. 1919 मध्ये धाकटे बंधू नारायणराव यमुनाबाईंना घेऊन भेटीला गेले. पतिपत्नींची ती आठ वर्षांनंतरची भेट होती, पहाऱ्यातली आणि मोजक्या वेळेची. त्यांचा मुलगा प्रभाकर बालपणीच वारला होता. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी या भेटीची वाट पाहत त्याच वर्षी वारल्या. त्या आल्याच नाहीत. उष्ण कटिबंधातल्या बेटावर, मुलावाचून, एक मराठी जोडपे असेही भेटले आहे. आजच्या पर्यटकाने त्यासाठी सुतकी चेहरा करून फिरावे, असे मी म्हणत नाही. सकाळी कारागृहात डोळे पुसायचे आणि संध्याकाळी किनाऱ्यावर छायाचित्रे काढायची, हा कार्यक्रम मलाही दांभिक वाटत नाही. माणसाचे मन इतके रुंद असतेच. माझी तक्रार लेखकाकडे आहे. हे दोन अनुभव तो दोन वेगळ्या परिच्छेदांत ठेवतो. सकाळी ती कोठडी पाहून आलेली दोघे रात्री एकमेकांशी काय बोलली, किंवा का बोलली नाहीत, हे तो लिहीत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: ही चैनीची दुखणी आहेत. विमानाने बेटावर जाणाऱ्या जोडप्यांच्या हाकांची चिंता साहित्याने का वाहावी? उत्तर देताना मराठीतला आणखी एक शब्द आठवतो, 'कोयता'. ऊसतोडीच्या धंद्यात नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा. मुकादमाकडून उचल घ्यायची ती जोडीने. बीडसारख्या जिल्ह्यांतून दर दिवाळीच्या सुमारास अशी जोडपी पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्यांच्या मुलखात जातात. त्यांतली कित्येक मुलांना गावी आजी-आजोबांकडे ठेवून जातात, म्हणजे निदान शाळा तरी सुटू नये. मुलांवाचून जोडीने केलेला प्रवास महाराष्ट्राला नवा नाही. फक्त त्या जोडप्यांना लग्नाचा वाढदिवस कोणी विचारत नाही, आणि "आणि मुलं?" हा प्रश्न तर त्यांना त्या सुरात कधीच विचारला जात नाही. तिथे मुले मागे राहणे ही गरज समजली जाते, इथे तो स्वार्थ ठरतो. दोन्हीकडे मागे घर सांभाळते ती मात्र आजीच.

ही आजी या साऱ्या लेखनातून गळालेली आहे. दोघांच्या आठ दिवसांच्या मोकळेपणाखाली तिचे डबे असतात, शाळेच्या बसच्या वेळा असतात, रात्रीचा ताप असतो. ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल सुरू झाली आणि स्वराज द्वीपावरचे इंटरनेट सुधारले. त्याआधी तिथे संपर्क तुटणे गृहीत धरावे लागे. आता संध्याकाळी मुलांचे चेहरे पडद्यावर येतात, आणि आई गृहपाठाची चौकशी करते. म्हणजे नात्याला मिळालेली थोडी अलिप्तताही तंत्राने परत घेतली. मुलांच्या बाजूने पाहिले, तर आपले आईबाप आपल्यावाचूनही कोणीतरी आहेत, एकमेकांचे आहेत, हे कळणे हा वाढण्याचाच भाग आहे. त्यासाठी आठ दिवस आजीकडे राहावे लागले, तर ते मोठे नुकसान नव्हे. पण आजीला विचारले होते का, की तिनेही गृहीत धरल्याप्रमाणे हो म्हटले, हेही त्या गोष्टीत यायला हवे.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की हा विषय किरकोळ समजून पर्यटनाच्या पुरवण्यांना देऊन टाकू नये. चैन करणाऱ्या जोडप्याला टोमणा मारणे सोपे आहे, आणि त्याच्या सुखाचे गुळगुळीत वर्णन करणे त्याहून सोपे. या दोन्ही वाटा सोडून कोणी लिहिले, तर त्यात बंगाली विस्थापिताची खानावळ येईल, सेल्युलर जेलची ओसरी येईल, घरी जागणारी आजी येईल, आणि या सर्वांच्या मध्ये, वीस वर्षांनी प्रथमच समोरासमोर बसलेली दोन माणसेही येतील. वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना आपण लक्ष्मीबाईंच्या सोसण्यावर थांबतो. टिळकांच्या धर्मांतरानंतर दुरावलेली ती दोघे पुन्हा एका घरात राहू लागली, तेव्हा एकमेकांशी बोलायला त्यांना नव्याने शिकावे लागले असणार. त्या पानांवर थोडे अधिक रेंगाळलो, तर असे लेखन कसे करावे याचा एक धडा विद्यार्थ्यांना तिथेच मिळेल.