शेगडी पालथी करून पाहा

माझ्या सासूबाई चार आण्यांचे मडके घ्यायच्या, तेही बोटाच्या पेराने चारी बाजूंनी वाजवून. कुंभारीण हसून म्हणायची, "वाजवा आजी, अजून वाजवा." तिला त्याचा राग येत नसे. गिऱ्हाईक वाजवून घेणारे असले म्हणजे भाजणाराही नीट भाजतो, हे दोघींनाही ठाऊक होते. आज त्याच घरातली माणसे आठ-दहा हजारांची गॅसची शेगडी घ्यायला जातात आणि विचारतात काय, तर "काळ्या रंगात आहे का?" माझे सारे भांडण या एका प्रश्नाशी आहे.

भांडणाचे कारण आधी सांगते, म्हणजे म्हातारीला नव्याचा द्वेष आहे असा कुणाचा समज व्हायला नको. दोन वर्षांपूर्वी आमचा ओटा नवा झाला. जुनी शेगडी १९७९ सालची. गॅसचा नंबर लागावा म्हणून कित्येक वर्षे वाट पाहिल्यावर घरात आलेली. दोन पितळी बर्नर, वर बिडाची जाळी, आणि उचलायला दोन हात लागावेत असे वजन. चिरंजीव म्हणाले, "आई, ही आता या ओट्यावर शोभत नाही." ती आमच्या कामाच्या बाईंनी हौसेने नेली. तिच्या जागी काचेची, तीन बर्नरची, आरशासारखी शेगडी आली. स्वयंपाक करताना आपलाच चेहरा खाली दिसे. मलाही ती आवडली, हे कबूल करते.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी तिच्यावर चकल्या तळत होते. तिसरा घाणा कढईत होता. नातू इतका वेळ माझ्या कोपराशी उभा होता, तो आकाशकंदील बघायला म्हणून नुकताच गॅलरीत गेला होता. एवढ्यात सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. पाहते तो काचेचे खडीसाखरेएवढे तुकडे झालेले, जाळी खचलेली, कढई कललेली आणि उकळते तेल ओट्यावरून खाली धावते आहे. चिरंजीवांनी धावत येऊन सिलिंडर बंद केला. माझ्या पावलावर रुपयाएवढा फोड आला, तेवढ्यावर निभावले. नातू दोन मिनिटे आधी जिथे उभा होता, तिथे तेलाचे थारोळे होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. तुकडे बघून शांतपणे म्हणाला, "आजी, एवढी मोठी कढई या शेगडीवर ठेवायची नसते. पुस्तिकेत लिहिलंय." खरेच लिहिले होते; मुंगीएवढ्या अक्षरांत, मागच्या पानावर. मी म्हणते, ज्या शेगडीवर दिवाळीच्या चकल्या तळायच्या नाहीत, ती महाराष्ट्रात विकणाऱ्याने ते वाक्य काचेवर सोनेरी अक्षरांत छापायला हवे होते. तिथे त्याने स्वतःचे नाव छापले होते.

पाऊल बरे होईपर्यंत बसल्या बसल्या मी या विषयाचा अभ्यास केला. दुरुस्तीवाल्याशी बोलले, दुकाने पालथी घातली, शेगड्या पालथ्या घातल्या. जे कळले ते असे.

ही काच साधी नसते. ६०० अंशांच्या वर तापवून ती वाऱ्याच्या झोतांनी एकदम थंड करतात. त्यामुळे तिचा बाहेरचा थर आवळलेला आणि आतला ताणलेला राहतो. म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी बळकट असते; पण तुटते तेव्हा तिचा एखादा कोपरा तुटत नाही, सगळी एकदम जाते. कडेला लागलेला टवका, तापल्या काचेवर पडलेले पाणी, रुंद बुडाखालून काचेवर परतणारी आच, यांतले काहीही निमित्त पुरते. अशी काच केवळ झाकण म्हणून लावली आणि जाळीचा नि बर्नरचा भार खालच्या लोखंडी सांगाड्याने उचलला, तर माझी तक्रार नाही. अशा शेगड्याही मिळतात. पण पुष्कळ शेगड्यांत जाळीचे पाय थेट काचेवरच टेकलेले असतात. म्हणजे भरल्या कढईचा भार शोभेच्या वस्तूवर! घराचे छप्पर तसबिरीवर पेलण्यासारखेच हे झाले.

पोलादाचेही तेच. उत्तम स्टेनलेस स्टीलमध्ये शेकडा १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल असते. निकेल महाग. म्हणून स्वस्त पत्र्यात ते कमी करून मँगनीज घालतात. चकाकी तशीच, पण खारट पाण्याने आणि दमट हवेने त्याला लवकर तांबूस ठिपके पडतात. कोकणातल्या माझ्या भगिनींना हे निराळे सांगायला नको. आपण शहाणपणाने खिशातून लोहचुंबक काढतो, तो चिकटला नाही की माल अस्सल समजतो. दुकानदार गालातल्या गालात हसतो. कारण मँगनीजच्या त्या पत्र्यालाही चुंबक चिकटत नाही.

आणि बर्नर! शेगडीचा सारा जीव तिथे. बारीक भोकातून गॅस जोराने सुटतो, जाताना बाजूची हवा ओढून घेतो, दोन्ही नळीत मिसळतात आणि वर निळी ज्योत उमटते. हे प्रमाण बिघडले की ज्योत पिवळी होते, पातेल्यांची बुडे काळी पडतात आणि सिलिंडर आठवडाभर आधी संपतो. म्हणून बर्नरचा आकार वर्षानुवर्षे तसाच राहायला हवा. पितळ वितळायला ९०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, ॲल्युमिनियमला ६६० पुरते. हल्ली वरची टोपी तेवढी पितळेची, खाली हलक्या मिश्रधातूचा सांगाडा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! उतू गेलेले दूध, वरणाचे पाणी, मीठ आणि रोजची आच यांनी त्याला खड्डे पडतात. मग टोपी नीट बसत नाही.

शेगडीवर आयएसआयची मोहर असते, तिच्या डोक्यावर ४२४६ हा क्रमांक असतो. त्या मानकाप्रमाणे गॅसच्या उष्णतेपैकी निदान शेकडा ६८ भाग भांड्याला मिळाले पाहिजेत. मोहर जरूर पाहावी. पण ती उत्तीर्ण झाल्याचा दाखला आहे, पहिला नंबर आल्याचा नव्हे.

याहून मोठा गुन्हा म्हणजे ओट्याचा दगड कापून त्यात शेगडी पुरणे. दिसायला सपाट, सुबक. पण नळी कुठे गेली? कपाटात. सिलिंडर? पुष्कळ घरांत तोही कपाटात. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, तळाशी साचतो. दार बंद असले तर त्याचा वासही उशिरा येतो. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी लागते. पण जी डोळ्यांआड गेली, तिची वर्षे कोण मोजणार? शोभेसाठी आपण धोकाच नजरेआड केला.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे. सूनबाई म्हणते, "आई, काच एका फडक्यात पुसली जाते." खरे आहे. ओट्याशी उभी राहून नोकरीवर जाणारी तीच आहे, आणि तिचा वेळ वाचवणाऱ्या वस्तूला मी नावे ठेवणार नाही. पण जाड, गुळगुळीत पत्राही एका फडक्यात पुसला जातो. तो तसा केला पाहिजे, एवढेच. चिरंजीव म्हणतात, "पाच वर्षांनी बदलायचीच असते." का? १९५५ साली बर्मा-शेलने मुंबईत बाटलीतला गॅस प्रथम आणला, तेव्हापासून त्याची ज्योत बदललेली नाही. मग ती पेटवणारी वस्तूच पाच वर्षांत म्हातारी कशी होते? दुकानदाराचे म्हणणे मात्र मला निरुत्तर करते. तो म्हणतो, "काकू, जड माल ठेवून पाहिला. कुणी घेत नाही. लोकांना काचेवरची फुलं लागतात."

इथे माझ्या रागाला खरा पत्ता सापडला. कारखानदार काही पुण्यकर्माला बसलेला नाही. आपण ज्याचे पैसे देतो, त्यावर तो पैसे खर्च करतो. आपण दर्शनी भागाचे देतो, म्हणून तो बुडाचा पत्रा पातळ करून ते पैसे दर्शनी भागाला लावतो. पाहुण्याला दिसते ते मोलाचे आणि सुनेच्या रोज हाताखाली येते ते कसेही चालेल, असा हिशेब आपल्याच घरात झाला. बाजाराने तो फक्त उतरवून घेतला.

उरलेले चकलीचे पीठ गेल्या वर्षी वाया जाऊ दिले नाही. डब्यात घालून रिक्षाने कामाच्या बाईंच्या खोलीवर नेले. पाहते तो आमची शेगडी! बर्नर चिंचेने घासून लखलखीत, ज्योत निळीशार. त्यांनी मोठी कढई ठेवली, जाळी हलली नाही. फोड आलेला पाय पाटावर ठेवून मी सोऱ्या फिरवत होते आणि मनात ओशाळत होते. दाखवायला म्हणून वस्तू घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्या घरी खरी वस्तू होती.

या दिवाळीत तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी पाडव्याच्या मुहूर्तावर नवी शेगडी येईल. येऊ द्या. पण दुकानात ती आधी उचला. हलकी लागली तर खाली ठेवा. मग पालथी करा. जाळीचा भार कशावर आहे ते पाहा, बर्नरची टोपी काढून खालचा धातू पाहा, पाच वर्षांनी सुटे भाग मिळतील का ते विचारा आणि मिळणार असतील तर ते बिलावर लिहून घ्या. दुकानदार कपाळाला आठ्या घालील. घालू दे. शंभर गिऱ्हाइकांनी शेगडी पालथी केली, की पुढच्या वर्षी तिचे बूड आपोआप सुधारेल.