बैठकीहून आल्यावर

पालकसभा असो, सोसायटीची मीटिंग असो की महिला मंडळाची बैठक. दोन तास खुर्चीत बसून आलेली बाई ‘दमले गं!’ म्हणाली की घरात हसू पिकतं. ‘बसूनच तर होतीस!’ पण तुमच्यापैकी काहीजणींना हा शीण चांगला ठाऊक असेल. शेजारच्या वहिनी त्याच बैठकीहून ताज्यातवान्या होऊन येतात, अन् आपल्याला मात्र ‘आई, भूक लागली’ एवढंसुद्धा सोसत नाही.

हा शिष्टपणा नव्हे, आजार तर नव्हेच. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ सालच्या आपल्या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख असे स्वभावाचे दोन कल मांडले. सासरी अंतर्मुख बाईला अजून ‘घुमी’च म्हणतात, ते सोडा!

मग करायचं काय? आल्यावर अर्धा तास तोंड बंद, हात चालू. कोथिंबीर निवडा, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घाला. हातांना सवयीचं काम मिळालं की डोकं हळूहळू निवतं. हिशेबाची वही नि मुलांचं गणित त्यानंतर. सभेच्या दिवशी मी शाळेच्या वह्या तपासायला घेतच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच कामाला निम्मा वेळ लागतो.

अर्धवट सोडलेल्या कामात मन अडकून राहतं आणि पुढच्या कामाला पुरतं लागत नाही, असं सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ साली दाखवून दिलं. बैठकीत तर निम्मं अर्धवटच राहतं! वर्गणी किती, हॉल कुठला, फराळाचं कुणाकडे... म्हणून उठण्यापूर्वीच सूचनापत्राच्या पाठीवर दोन ओळी खरडा: आपल्याकडे काय आलं, ते कधी करायचं. कागद पर्समध्ये गेला की विषय बाजूला ठेवता येतो.

आणि तो मोबाईल! बैठक सभागृहात संपते अन् ग्रुपवर पुन्हा भरते. जेवणं होईपर्यंत तो पालथा पडू दे.

खरी अडचण घरच्यांची. यजमान ऑफिसातून आले की त्यांना चहा नि पेपर न मागता मिळतो. आपण मात्र मुकाट्यानं आत गेलो तर ‘काय झालं? कुणी काही बोललं का?’ म्हणून सगळे मागे येतात. त्यापेक्षा निघतानाच सांगून ठेवावं, ‘आल्यावर अर्धा तास हाक मारू नका. चहा टाकलात तर घेईन.’ पहिल्या खेपेला सासूबाईंच्या भुवया वर जातील, जाऊ द्यात. आमच्याकडे आता धाकटाच तोंडावर बोट ठेवून दारात पहारा देतो.