कापलेल्या कडा

१९०९ च्या सुमारास अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंची चित्रकार्डे घालत. होनस वॅग्नर या नामवंत खेळाडूने आपले कार्ड काढू दिले नाही. मुलांनी त्यासाठी तंबाखू घेऊ नये म्हणून, असे काही सांगतात. मोबदल्याचा वाद होता, असे इतर म्हणतात. छपाई लवकरच थांबली. आज त्याची जेमतेम साठेक कार्डे उरली आहेत, म्हणून संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात.

त्यांतल्या सर्वांत देखण्या कार्डाला २००७ साली २८ लाख डॉलर मिळाले. कोपरे टोकदार, कडा सरळ! तपासणाऱ्या कंपनीने १० पैकी ८ गुण दिले होते. २०१३ मध्ये ते पूर्वी विकणाऱ्या व्यापाऱ्याने न्यायालयात कबूल केले, की कडा त्यानेच कापल्या होत्या.

आम्हांला वाटते, दुमडलेला कोपरा हा केवळ वयाचा खुणा-डाग; तो कापून लपवणे हा मात्र धोका. आपल्या मुलांनी नाणी, तिकिटे, क्रिकेटची कार्डे जरूर जमवावीत. फक्त देताघेताना मालाचा ऐब आपणच आधी दाखवायचा, एवढे त्यांना घरातच शिकवू या.