विश्लेषण : नोकरीसाठीची ‘कोडिंग’ चाचणी नेमके काय तपासते?

वेब डेव्हलपरच्या नोकरीसाठी केवळ प्रश्नांची उत्तरे देऊन भागत नाही, प्रत्यक्ष कोड लिहून दाखवावा लागतो. मात्र एआय साधने हाताशी आल्यापासून या चाचण्यांचे गणित बिघडले आहे. त्यावर शोधलेला उपाय उमेदवारांना महाग पडण्याची शक्यता आहे. ती कशी?

चाचण्या कोणत्या प्रकारच्या?

ढोबळमानाने तीन. पहिली ऑनलाइन चाचणी. हॅकररँकसारख्या मंचावर ठरावीक वेळेत प्रश्न सोडवायचे, गुण संगणक देतो. दुसरी थेट चाचणी. मुलाखतकारासमोर फळ्यावर किंवा स्क्रीन शेअर करून कोड लिहायचा आणि डोक्यात काय चालले आहे तेही बोलून दाखवायचे. तिसरा प्रकार घरी करायच्या प्रकल्पाचा. उदाहरणार्थ, एपीआयमधून वस्तूंची यादी घेऊन ती दाखवणारे, शोधाची सोय असलेले पान तयार करणे.

आक्षेप काय आहेत?

पहिल्या दोन प्रकारांत बहुतेकदा भर असतो तो डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमवर. वेब डेव्हलपरचे रोजचे काम वेगळेच असते. पान मोबाइलवर नीट दिसणे, लॉगिन सुरक्षित ठेवणे, दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधील चूक शोधणे, अशी ही कामे. मॅक संगणकांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘होमब्रू’चा निर्माता मॅक्स हॉवेल याला गुगलने नाकारले. फळ्यावर ‘बायनरी ट्री’ उलटा करता न आल्याने आपल्याला नकार मिळाल्याचे त्याने २०१५ मध्ये ट्विटरवर लिहिले आणि या वादाला तोंड फुटले.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी मुलाखतकारासमोर बोलत बोलत प्रश्न सोडवला, तर काहींनी खोलीत एकट्याने. कोणीतरी पाहत असताना विद्यार्थ्यांची कामगिरी निम्म्याहून अधिक घसरली. प्रयोग लहान असला तरी त्यातून दिसते ते असे, की थेट चाचणीत कौशल्याइतकेच, किंबहुना अधिक, दडपण मोजले जाते.

मग घरचा प्रकल्प बरा?

प्रत्यक्ष कामाच्या जवळ जाणारा हाच प्रकार आहे. पण ‘तीन-चार तासांचे काम’ अनेकदा शनिवार-रविवार खाते आणि त्याचा मोबदला सहसा मिळत नाही. नोकरी सांभाळून किंवा घरातील आजारी माणसाचे पाहून अर्ज करणाऱ्यांना ते अधिक जड जाते. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर असा प्रकल्प कोणी केला, हे ओळखणे कठीण झाले.

कंपन्यांचा मार्ग कोणता?

दोन टोके दिसतात. किमान एक फेरी प्रत्यक्ष समोरासमोर घेणार असल्याचे गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्ये सांगितले. याउलट ‘कॅनव्हा’ या ऑस्ट्रेलियन कंपनीने त्याच वर्षी, उमेदवारांनी मुलाखतीत एआय साधने वापरावीत अशीच अपेक्षा असल्याचे जाहीर केले.

याचा उमेदवारांवर परिणाम काय?

समोरासमोरच्या फेरीने नक्कल थांबेल, पण वरील प्रयोगात दिसलेले दडपणही परत येईल. नांदेड किंवा जळगावच्या नवपदवीधराला हिंजवडीत एका फेरीसाठी यायचे तर प्रवास आणि मुक्कामाचा खर्च वेगळाच. मधला मार्ग अवघड नाही. बिघडलेले छोटे संकेतस्थळ द्यावे, अर्धा तास उमेदवाराला एकट्याने दुरुस्त करू द्यावे आणि मग त्यावर चर्चा करावी. एआयने लिहिलेला कोडही ज्याला समजलेला नाही, तो या चर्चेत टिकणार नाही.

तोवर उमेदवारांनी दोन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात : प्रकल्पाला किती वेळ अपेक्षित आहे आणि एआय चालेल का? हे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.