‘आपोआप’ काही होत नाही

विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा. मी बी.ए. झालेला, पण शाळेत असं चालायचंच. एकदा नववीला पेशीविभाजन शिकवलं. फळ्यावर आकृती काढली. गुणसूत्रं दोन टोकांना गेली, मधे कंबर आवळली, झाल्या दोन पेशी. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, शेवटचा धागा कोण तोडतं?"

मी म्हणालो, "तो आपोआप तुटतो." ती मुकाट्यानं खाली बसली.

निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, तेव्हा कळलं की तिचा प्रश्न किती मोलाचा होता. प्राण्यांच्या पेशीत आधी ऱ्होए नावाचं प्रथिन आवळायची जागा ठरवतं. मग आपल्या स्नायूंत असतात तीच दोन प्रथिनं, अ‍ॅक्टिन आणि मायोसिन, कडं करून पिशवीची नाडी ओढावी तशी पेशी आवळतात. तरीही दोघींमधे एक बारीक पूल उरतो. त्याच्या मध्यावरची गाठ फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानं १८९१ सालीच नोंदवली होती. त्या गाठीजवळ सेप५५ हे प्रथिन इतरांना बोलावून घेतं. स्पास्टिन आतले तंतू कापतं आणि एस्कर्ट गटातली प्रथिनं जिलबीसारखी वेटोळी घालून पूल तोडतात. गंमत म्हणजे एचआयव्हीचा विषाणू पेशीतून बाहेर पडताना हीच प्रथिनं वापरतो!

आणि एक राखणदारही असतो, ऑरोरा बी. पुलात एखादं गुणसूत्र अडकलं असेल तर तो तोडणं थांबवून धरतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, असं गुणसूत्र अडकलेलं असताना ऑरोरा बीचं काम बंद पाडलं, तेव्हा आवळलेली कंबर पुन्हा सुटली आणि एकाच पेशीत दुप्पट गुणसूत्रं राहिली. अशा दुपटीतून पुढे कर्करोगाकडे वाटचाल होऊ शकते.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, तुमच्या वेळी हे कुणाला ठाऊक होतं? खरं आहे. एस्कर्टचं हे काम २००७ साली उजेडात आलं. पण म्हणून माझी चूक लहान होत नाही. "मला माहीत नाही, बहुधा अजून कुणालाच माहीत नाही" एवढंच म्हणालो असतो, तर प्रश्न तिच्याजवळ जिवंत राहिला असता. अज्ञान कबूल केलं की दार उघडं राहतं. ‘आपोआप’ म्हटलं की ते लागतं, वर उत्तर मिळाल्याचं समाधानही होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, शिक्षकानं हा शब्द वर्गात वापरूच नये. पाऊस आपोआप पडत नाही, जखम आपोआप भरत नाही. कुणीतरी, काहीतरी राबत असतं.

ती मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली असेल. तिला तो तास आठवतही नसेल. मला आठवतो.

असो.