टायरचं वय विचारा

प्रति,
परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

२५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर वाटेत फुटला, गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि आतल्या ३८ वर्षांच्या प्रवाशाचा मृत्यू झाला. कुटुंबाने भरपाईचा दावा केला तेव्हा विमा कंपनीचं म्हणणं होतं की टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे, त्यात चालकाचा दोष काय? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली आणि कंपनी अपिलात गेली. २०२३ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळताना स्पष्ट केलं की टायर फुटण्यात देवाचा हात नसतो, तो माणसाचा हलगर्जीपणा असतो. प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची अवस्था पाहणं ही चालकाची आणि मालकाची जबाबदारी आहे.

न्यायालयाने दैवाला एकदा बाहेर काढलं, तरी अपघाताच्या बातम्यांतून ते गेलेलं नाही. ‘टायर फुटल्याने चालकाचं नियंत्रण सुटलं’ एवढं छापून आलं की पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही. टायर किती जुना होता, त्यात हवा किती होती, नक्षी किती उरली होती, गाडीवर वजन किती होतं, हे सगळं राहून जातं. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले, तेव्हाही चालकाचा पहिला जबाब टायर फुटल्याचाच होता. आपल्याच खात्याच्या अमरावती कार्यालयाने तपासणी केली आणि टायर फुटल्याचा पुरावा मिळत नसल्याचं अहवालात म्हटलं. नीट तपासलं तर उत्तर मिळतं, याचा दाखला आपल्या दप्तरातच आहे. हे खुलं पत्र अपघाताच्या आधीच्या तपासणीबद्दल आहे, म्हणजे टायर अजून चाकावर असतानाच्या.

कायदा काय म्हणतो ते आपल्याला सांगायला नको, पण वाचकांसाठी उजळणी करायला हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ९४ व्या नियमानुसार मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. दुचाकी आणि तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. टायरवर फुगा आलेला असेल किंवा आतलं कापड उघडं पडलं असेल, तर तोही बाद. मर्यादा ओळखण्याची सोय टायरमध्येच असते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात आणि ते नेमके १.६ मिलिमीटरचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. बाजूच्या भिंतीवर एक छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं असतात. तिथून सरळ वर गेलं की उंचवटा सापडतो. त्यासाठी गॅरेजही लागत नाही, बोटाच्या नखाने चाचपता येतं.

नव्या मोटारीच्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. म्हणजे कायद्याने बाद व्हायच्या आधी तो बराच झिजू शकतो. कोरड्या रस्त्यावर हे फारसं जाणवत नाही. उलट गुळगुळीत टायर कोरड्या डांबराला चांगलाच धरतो, शर्यतीच्या गाड्यांना म्हणून तर बिननक्षीचे टायर घालतात. ‘गोटा झालाय, पण अजून पाचेक हजार किलोमीटर जाईल’ या पंक्चरवाल्याच्या दिलाशावर माणसं विश्वास ठेवतात ती याच अनुभवामुळे. मे महिन्यात तो दिलासा खराही ठरतो.

जूनमध्ये ठरत नाही. नक्षीचं मुख्य काम रस्त्यावरचं पाणी बाजूला काढणं. खाचा उथळ झाल्या की पाण्याला जायला जागा उरत नाही आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो. त्या क्षणी स्टिअरिंग हलकं लागतं आणि ब्रेक दाबून काही उपयोग होत नाही. १९६० च्या दशकात नासाच्या अभियंत्यांनी विमानांच्या चाकांवर प्रयोग करून याचं एक साधं सूत्र काढलं होतं: पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असेल, तर टायर कोणत्या वेगाला तरंगेल ते प्रामुख्याने आतल्या हवेच्या दाबावर ठरतं. मोटारीच्या नेहमीच्या ३३ पीएसआय दाबाला हा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो. समृद्धीवर मोटारींची वेगमर्यादा १२० आहे. भरपावसात गुळगुळीत टायरने ही ‘कायदेशीर’ मर्यादा गाठणारा माणूस नियम पाळतो आहे की जिवाशी खेळतो आहे, हा प्रश्न आपल्या खात्यानेच विचारायला हवा. जाणकार मंडळी पावसाळ्यासाठी ३ मिलिमीटरलाच टायर बदलायला सांगतात, कारण त्याखाली ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर झपाट्याने वाढतं.

झीज निदान दिसते तरी. वय दिसत नाही, आणि या पत्राचं खरं कारण ते आहे.

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या वाहनतळावर ही गाडी सापडेल: मालक निवृत्त, गाडी महिन्यातून चार वेळा बाहेर पडते, वर्षाकाठी चार हजार किलोमीटरसुद्धा होत नाहीत. टायरची नक्षी नव्यासारखी. पण रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. ऑक्सिजन, ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी ते कडक होतं, भिंतीवर बारीक भेगा पडतात, आतल्या पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणारं रबर सैल होतं. अशी गाडी गावात वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. मग मे महिन्यात पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन ती नागपूरला निघते आणि टायरची पहिली खरी परीक्षा विदर्भातल्या ४५ अंशांत, सलग तीन तास शंभरच्या वेगाने होते. स्टेपनीची गोष्ट तर विचारूच नये. कित्येक गाड्यांत ती कारखान्यातून आलेलीच असते आणि चारही टायर दोनदा बदलून झाले तरी हिचं तोंड कोणी पाहिलेलं नसतं.

टायरचा जन्मदिनांक त्याच्यावर छापलेला असतो. बाजूच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार अंक दिसतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा. गंमत अशी की हा आकडा पुष्कळदा टायरच्या आतल्या बाजूला येतो आणि तो वाचण्यासाठी गाडीखाली मान घालावी लागते. मिशेलिनसारख्या कंपन्यांचा सल्ला असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असली तरी बदलावेत. काही मोटार कंपन्या सहाव्या वर्षीच बदलायला सांगतात. आपल्या ९४ व्या नियमात नक्षी मिलिमीटरांत मोजलेली आहे, पण टायरच्या वयाची मर्यादा घातलेली नाही.

ब्रिटनच्या नियमातही ती नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये सरे परगण्यात एका संगीत महोत्सवाहून परतणारी बस झाडावर आदळली आणि तिघे गेले. बसचा पुढचा टायर १९ वर्षांहून जुना निघाला. नक्षी कायद्यात बसत होती, त्यामुळे तो तोपर्यंत ‘योग्य’च होता. मरण पावलेल्यांपैकी एका तरुणाच्या आईने पुढची काही वर्षं सरकारचा पिच्छा पुरवला. १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि मालमोटारींच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुने टायर घालायला बंदी आहे.

महाराष्ट्रात निदान मोजमापाची सुरुवात तरी करता येईल आणि त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. खासगी मोटारीची योग्यता तपासणी पंधराव्या वर्षी होते. तोपर्यंत गाडीच्या टायरकडे सरकारतर्फे कोणीही पाहत नाही. व्यावसायिक वाहनांना पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा आणि नंतर दरवर्षी तपासणीला यावं लागतं, तिथेही तपासणीपुरते टायर भाड्याने आणून चढवल्याच्या गोष्टी ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गप्पांत सहज ऐकू येतात. पण पीयूसीसाठी मात्र पहिलं वर्ष उलटलं की प्रत्येक गाडीला पेट्रोल पंपाशेजारच्या त्या खोक्यापर्यंत जावंच लागतं. तिथल्या माणसाच्या हातात खोली मोजायची स्वस्तातली पट्टी द्यावी, पाचही टायरची नक्षी आणि जन्माचे चार अंक लिहून घ्यायला सांगावेत आणि ते गाडीमालकाला छापील द्यावेत. दंड नको, अडवणूक नको. समृद्धीच्या सुरुवातीच्या काळात आपल्या खात्याने झिजलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशद्वारावर अडवल्या, ते योग्यच होतं. पण सहलीला निघालेल्या कुटुंबाला तिथून परत पाठवण्यापेक्षा चार महिने आधी कागदावर कळवलेलं बरं. पीयूसी प्रमाणपत्राचा नमुना केंद्राचा आहे, हे मान्य. वेगळी चिठ्ठी देण्यापासून राज्याला कोणी रोखलेलं दिसत नाही. पीयूसी केंद्रांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेणारे घेतीलच आणि त्यांचं सगळं खोटं असेल असंही नाही. पण टायरचा आकडा मालकाला स्वतः वाकून पडताळता येतो, धुराचा येत नाही.

दुसरी मागणी जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीबद्दल. गोटा झालेल्या टायरला गरम पात्याने नव्या खाचा पाडून, वर काळा रंग मारून तो विकण्याचा धंदा चालतो. अशा टायरमध्ये खाच आणि आतल्या तारा यांच्यात नखाएवढंही रबर उरत नाही. याची गल्लत रिमोल्डशी करू नये. चांगल्या सांगाड्यावर नीट रबर चढवलेला टायर बस-ट्रकच्या मागच्या चाकांना वर्षानुवर्षं चालतो, विमानांनासुद्धा तसे टायर घालतात. गाडी नव्या मालकाच्या नावावर होताना टायरच्या तारखा नोंदवण्याची सक्ती झाली, तर खाचा पाडणाऱ्याची अडचण होईल, कारण नक्षी खोटी पाडता येते, पण साच्यातून उमटलेली तारीख बदलणं कठीण.

आणि प्रबोधन करायचंच असेल तर कृपया घोषवाक्यांचे फलक टाळून तीन चुकीच्या समजुतींना हात घालावा. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, ही पहिली. प्रत्यक्षात कमी हवेच्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्यातून उष्णता तयार होते आणि टायर आतून शिजतो. अमेरिकेत २००० साली फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले, तेव्हाच्या वादात कमी दाब आणि उष्णता हेच मुद्दे केंद्रस्थानी होते. दुसरी समजूत नायट्रोजनची: तो भरला की दाब पाहायला नको. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तिसरी, दोनच नवे टायर घेतले तर ते पुढे घालावेत. बहुतेक दुकानांत आजही तसंच करतात, पण टायर कंपन्या नवे टायर मागे घालायला सांगतात. ओल्या वळणावर मागची चाकं निसटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही.

पैशांची सबबही आता थोडी कमी झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तरी चार टायरांचा खर्च मध्यमवर्गीय घराला जाणवतोच, म्हणून निर्णय पुढे ढकलला जातो. हातात नक्षीचा आणि वयाचा आकडा असेल, तर निदान काय ढकलतो आहोत ते तरी कळेल.

ही मोजणी समृद्धीच्या दोन्ही टोकांच्या जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर आणि ठाण्यात, येत्या मार्चपासून प्रयोग म्हणून सुरू करता येईल. पावसाळ्याला तेव्हा तीन महिने असतील. जमा झालेले आकडे खात्याने प्रसिद्ध करावेत, आणि प्राणघातक अपघाताच्या तपासणी अहवालात टायरची तारीख, नक्षीची खोली आणि शाबूत चाकांमधला हवेचा दाब हे तीन रकाने सक्तीचे करावेत, ही विनंती.

कळावे.